उणे अठराचं ग्रीस

जोकिम तुस्कानो आणि आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. माझं ऑफिस ते काम करतात त्या मॉलच्या पुढच्या सिग्नलला, त्यामुळे गेली सहा वर्षं सकाळी मी त्यांच्याच गाडीतून जाते. शेख झायेद रोड मोकळा असला तर वीस मिनिटं, नसला तर चाळीस. या माणसाबद्दल मला जे काही माहीत आहे, ते बहुतेक याच रस्त्यावर कळलेलं.

त्या मॉलच्या आत बर्फाचा एक उतार आहे. वर छप्पर, जेमतेम चारशे मीटर लांबी. बाहेर पंचेचाळीस डिग्री असो नाहीतर अठ्ठेचाळीस, आत कायम उणे दोन. लोक तिथं स्की आणि स्नोबोर्ड करायला येतात. उताराच्या पोटात एक वर्कशॉप आहे, तिथं भाड्याचं सगळं सामान दुरुस्त होतं. जोकिम तिथं एकोणीस वर्षं आहेत.

ते मूळचे वसईतल्या गिरीजचे. वडिलांची केळीची वाडी होती आणि जोकिम गावभरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. दुबईत 'स्नो'मध्ये नोकरी आहे, असं एजंटनं सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मासळीचं कोल्ड स्टोअर असणार. पहिल्या दिवशी जाड जॅकेट देऊन आत सोडलं तेव्हा ते दारातच उभे राहिले. "मी घरी फोन केला ना, तर आई म्हणाली, खोटं नको बोलूस, बर्फात माणूस काम कसा करील," असं त्यांनी मला सांगितलं होतं.

हमदुल्ला आला नऊ वर्षांपूर्वी. पाकिस्तानातला, चित्रालच्या वरच्या एका खोऱ्यातला. उतारावरचा बर्फ दाबून सारखा करणारं मोठं यंत्र असतं, ते चालवायला त्याला घेतलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं मूठभर बर्फ उचलून तोंडात टाकला. जोकिम बाजूलाच होते.

"कैसा है?" त्यांनी विचारलं.

"साफ है," हमदुल्ला म्हणाला. "बहुत ज़्यादा साफ. हमारे बर्फ में लकड़ी का धुआँ आता है."

त्यानंतर ते दोघं रोज एकत्र जेवायला बसू लागले. कॅथरीन, म्हणजे जोकिमची बायको, हमदुल्लासाठी वेगळी भाजी द्यायची, कारण बोंबलाचा वास त्याला सहन होत नसे. त्याच्याकडून घरी यायचे ते सुके जर्दाळू आणि अक्रोड.

सहा वर्षांपूर्वी एक युरोपियन सर्व्हेअर दुबई सोडून निघाला. जाताना त्यानं स्वतःचा स्नोबोर्ड आणि बूट वर्कशॉपमध्ये आणून ठेवले आणि म्हणाला, ज्याला हवा त्यानं वापरावा. हा बोर्ड भाड्याच्या बोर्डांसारखा नव्हता. लांब, अरुंद, कडेला धारदार. बूटही मऊ नव्हेत, टणक प्लॅस्टिकचे. ते पट्ट्यांनी बांधायचे नसतात. बोर्डवर धातूचं बाइंडिंग असतं, पुढं मागं जाड तारेच्या कड्या आणि पुढच्या कडीला एक खटका. बूट ठेवायचा, खटका दाबायचा, की पाय बोर्डचाच भाग होऊन जातो.

अशा बोर्डवर जे करतात त्याला कार्व्हिंग म्हणतात. साधा माणूस वळताना बर्फ खरवडत जातो. कार्व्हिंग करणारा बोर्ड पार कडेवर उभा करतो, आणि बोर्ड बर्फ कापत जातो. मागं उरते ती फक्त एक बारीक रेघ.

बूट साडेसत्तावीस सेंटिमीटरचे होते आणि जोकिमचा पाय पंचवीसचा. हमदुल्लाला ते बरोबर बसले. लहानपणी तो बापानं तासून दिलेल्या लाकडी फळ्यांवरून डोंगर उतरायचा. या बोर्डवर पहिले पंधरा दिवस तो नुसता पडला, सोळाव्या दिवशी वळला. सकाळी यंत्र फिरवून झालं की मॉल उघडायच्या आधी पाऊण तास मिळायचा. सुपरवायझरची हरकत नव्हती. हमदुल्ला वरून यायचा आणि जोकिम खाली हातात पेचकस घेऊन थांबायचे. रेघ कुठं जाड झाली, कुठं फाटली, ते बघायचे. मग बोर्ड उलटा करून बाइंडिंग दोन अंश इकडे, तीन अंश तिकडे फिरवायचे आणि त्याला पुन्हा वर पाठवायचे. चार वर्षं हे चाललं.

"तुम्ही स्वतः नाही केलंत कधी?" मी एकदा विचारलं.

"एकदाच. तीन जोड मोजे घालून. खाली येईपर्यंत एक वळण नीट लागलं, एकच. बाकी सगळा पडत आलो." थोडं पुढं गेल्यावर, गाडी लेन बदलत असताना, ते म्हणाले, "पण ते एक वळण ना मुग्धा, आवाजच बंद होतो. खरवडल्याचा आवाज येतच नाही."

दोन वर्षांपूर्वी हमदुल्लाची आई पाय घसरून पडली. घरात बघणारं कुणी नव्हतं. तो तीन महिन्यांची सुट्टी घेऊन गेला. तिनाचे पाच झाले, व्हिसा संपला, खलास. जायच्या आठवड्यातच मागच्या बाइंडिंगचा टाचेकडचा ठोकळा तडकला होता. जुनं प्लॅस्टिक, कधीतरी जाणारच होतं. जोकिम त्याला म्हणाले होते, "तू आ जा, तब तक नया लगाके रखता हूँ." तो आला नाही म्हणून त्यांनीही लावलं नाही. बोर्ड वर्कशॉपच्या सगळ्यात वरच्या फळीवर पडून राहिला.

त्या दोन वर्षांत गाडीत हमदुल्लाचा विषय निघाला नाही असा आठवडा गेला नसेल. "आज उतार नीट दाबला नाहीय, हमदुल्ला असता तर…" असं सुरू व्हायचं. त्याच्या गावात नेटवर्क नव्हतं. शाळेच्या वरच्या टेकाडावर चढलं की थोडं मिळायचं, म्हणून तो आठ-दहा दिवसांतून एकदा चढून निरोप पाठवायचा. जोकिम ते निरोप सिग्नलवर थांबल्यावर पुन्हा पुन्हा ऐकायचे. कधी त्यात बोलणं कमी आणि वाराच जास्त असायचा.

एकदा त्यांनी मला मोबाइलवर नकाशा दाखवला. "हे बघा, ही वसई. आता बोट सरळ वर न्या. सरळ. जवळजवळ सरळच. इथं त्याचं गाव. दुबईपेक्षा वसईहून जवळ आहे."

मी नकाशा पाहिला. मध्ये काय आहे ते जोकिम आणि हमदुल्ला दोघांनाही माहीत होतं. हमदुल्ला त्यांना दर वेळी म्हणायचा, "आ जाओ जोकिम भाई, दो दिन का रास्ता है." आणि जोकिम दर वेळी "इन्शाल्ला" म्हणायचे. वसईच्या कॅथलिक माणसाच्या तोंडी तो शब्द इथं कुणाला वेगळा वाटत नाही. त्यांच्या पासपोर्टवर त्या गावाला जाता येणार नाही, हे दोघांपैकी एकानंही कधी उच्चारलं नाही.

या जानेवारीत निरोप आला. या वर्षी बर्फ कमरेएवढा पडलाय, शाळेची पोरं फळ्या घेऊन वर जातात. शेवटी हमदुल्ला म्हणाला होता, "बच्चे पूछते हैं, चाचा, दुबई में तुम क्या चलाते थे? मैं हाथ से दिखाता हूँ." बस, एवढंच.

त्या दिवशी मॉलपाशी मी उतरत असताना जोकिम म्हणाले, "तहा फेब्रुवारीत सुट्टीवर जातोय." तहा म्हणजे हमदुल्लाचा चुलतभाऊ, त्याच उतारावर यंत्र चालवणारा, मुहैस्नाह भागात कंपनीच्या कामगार कॅम्पमध्ये राहणारा. "बोर्ड त्याच्याबरोबर जाईल. मी नवीन बाइंडिंग मागवतो."

बाइंडिंग आठवडाभरात जर्मनीहून आलं. मला वाटलं होतं, चार पेच पिळायचे की झालं. तसं नव्हतं. पाय पुढून किती तिरका, दोन पायांत अंतर किती, पुढच्या पायाचा अंगठा किती उचललेला, मागच्या पायाची टाच किती उचललेली, हे सगळं ज्याच्यासाठी लावायचं त्याच्या अंगावरून ठरतं. आणि तो माणूस दोन हजार किलोमीटर दूर, टेकाडावर चढल्याशिवाय दिसत नाही.

बूट इथंच होते, त्यामुळे तळव्याची लांबी मिळाली. बाकीसाठी व्हिडिओ कॉल ठरला. हमदुल्लानं बर्फात उभं राहून गुडघे वाकवून दाखवायचे, असं ठरलं होतं. जोकिम म्हणाले, "पहले जैसा, पूरा नीचे." हमदुल्ला अर्ध्यावर थांबला.

"और नीचे."

"बस, जोकिम भाई. इतना ही जाता है."

मग त्यानं सांगितलं. गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढताना तो खाली पडला होता. डावा गुडघा, म्हणजे बोर्डवरचा पुढचा पाय. दोन महिने अंथरुणात. एवढ्या निरोपांमधून त्यानं ते एकदाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत जोकिम चिडलेले होते. "सांगायचं नाही का? मी इथं बसून काय करणार होतो, पण सांगायचं नाही का?" असं दोनदा म्हणाले. मग स्वतःशीच बोलावं तसं, "साठ अंशाचा कोन आता त्याला नाही चालणार. गुडघ्याला पीळ बसेल. पन्नासवर आणलं पाहिजे."

पण पन्नासवर आणलं की बूट आडवा होतो, आणि बोर्ड अरुंद. बुटाचं टोक आणि टाच कडेच्या बाहेर येतात, वळताना आधी तीच बर्फाला लागतात, आणि माणूस फेकला जातो. पुढचे चार दिवस ते याच विचारात होते. कागदावर बोर्डची रुंदी काढलेली, बुटाचा पुठ्ठ्याचा साचा कापलेला, तो डॅशबोर्डवर. लाल दिवा लागला की साचा कागदावर फिरवायचे. मागचा माणूस हॉर्न वाजवायचा.

शेवटी त्यांनी पुढचा पाय चोपन्न अंशावर आणि मागचा एक्कावन्नवर ठेवायचं ठरवलं, आणि दोन्ही बाइंडिंगखाली बोटभर जाडीच्या पट्ट्या घालून बूट वर उचलायचा. बूट वर गेला की कडेबाहेर आलेला भाग बर्फाला लागत नाही. पुढच्या पायाचा अंगठा नेहमीपेक्षा जास्त उचलला, म्हणजे गुडघा कमी वाकवावा लागेल.

मग ग्रीसचा प्रश्न आला. नवीन बाइंडिंग कोरडं येतं. तारेची कडी जिथं ठोकळ्यात फिरते तिथं, खटक्याच्या खिळीला, आणि मधल्या तबकडीखाली ग्रीसचा पातळ हात द्यावा लागतो, नाहीतर ते पायाखाली कुरकुरतं आणि झिजतं. मात्र बोर्डमध्ये जाणाऱ्या पेचांना ग्रीस लावायचं नाही. त्यांच्या टोकाला निळ्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे ते हादऱ्यानं सुटत नाहीत. हे सगळं जोकिम डोळे मिटून करतील. पण त्यांचं ग्रीस उणे दोनचं. हमदुल्लाच्या गावात सकाळी उणे पंधरा, उणे अठरा. तिथं काय होतं हे त्यांनी कधी अनुभवलेलं नव्हतं.

पुढचं मला कॅथरीननं सांगितलं. ती ऊद मेथाच्या एका शाळेत ऑफिसला आहे, सकाळी लवकर निघते. डब्यासाठी तिनं फ्रीजर उघडला तर सुरमईच्या पिशव्यांवर दोन प्लॅस्टिकच्या डब्यांत लोखंड ठेवलेलं.

"जोकिम, हे काय आहे?"

"हात नको लावूस. रात्रभर ठेवलंय. उणे अठरा असतं ना आत, तेवढंच पाहिजे."

एका डब्यातल्या बाइंडिंगला नेहमीचं पिवळं ग्रीस होतं, दुसऱ्यातल्याला सिलिकॉनचं. पिवळं मेणासारखं घट्ट झालेलं, खटका दोन अंगठ्यांनी दाबावा लागला. दुसऱ्याचा खटका एका बोटानं उघडला. जोकिमनी तो सात-आठ वेळा उघडमीट केला. त्यांची सोळा वर्षांची लॅरिसा ब्रेड खात बघत होती.

"डॅड, इफ यू लाइक इट सो मच, व्हाय डोन्ट यू जस्ट कीप इट?"

"बूट मोठे आहेत मला," जोकिम म्हणाले.

"सो बाय स्मॉलर बूट्स."

जोकिम रॉकेलच्या बोळ्यानं पिवळं ग्रीस पुसायला लागले. कॅथरीन मला म्हणाली, "मला कळतं गं. त्याला बर्फ आवडतो म्हणून मी म्हटलं, जॉर्जियाला जाऊ या, तिथं व्हिसा सोपा, खरा डोंगर, खरा बर्फ. बिल्डिंगमधली चार घरं जाऊन आली. तर म्हणतो, जाऊ. आणि जातच नाही."

मी त्यांना गाडीत तेच विचारलं. ते म्हणाले, "जाईन ना. लॅरिसाला न्यायचंच आहे. पण तो डोंगर मला काय ओळखतो? याच्या डोंगराचं मला सगळं माहीत आहे. कुठल्या बाजूला ऊन आधी येतं, शाळेच्या मागं बर्फ का थांबत नाही, त्याची बहीण कुठल्या वाटेनं पाणी आणायची. नऊ वर्षं ऐकलंय. आता तिथं गेलो तर मी कुणाला रस्ता विचारणार नाही."

तहा निघायच्या दोन दिवस आधी जोकिमनी मला आत बोलावलं. "अर्धा तास लवकर निघू. मला कुणीतरी खाली उभं पाहिजे, रेघ बघायला. तहा मशीनवर आहे."

मी माझ्या ऑफिसच्या कपड्यांवर तिथलं निळं जॅकेट चढवून खाली उभी राहिले. उतार रिकामा होता. पंख्यांचा आवाज तेवढा. वर जोकिम दिसले, छोटे. बुटात फोम कोंबून त्यांनी पाय घट्ट केले होते. दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी लावलेल्या कोनांवर, दुसऱ्याच्या बुटांत, बावन्न वर्षांचा माणूस. मला थोडी भीती वाटली.

पहिल्या वळणाला ते बसलेच जवळजवळ, हात टेकून उठले. दुसरं खरवडत गेलं. तिसऱ्याला बोर्ड कडेवर उभा राहिला आणि आवाज गेला. चौथंही तसंच. पाचव्याला मला त्यांचा चेहरा दिसायला लागला होता, पण तोवर उतारच संपला. तळाच्या जाळीपाशी ते थांबले, धापा टाकत.

"रेघ?"

"दोन ठिकाणी एकदम बारीक आहे," मी म्हणाले. "आधी जाड."

ते वळून उताराकडे बघत राहिले. मग बसले, खटके उघडले, बाइंडिंगवर कान लावून कडी हलवली. "कुरकुर नाही," म्हणाले. पुन्हा वर जायला वेळ होता, पंचवीस मिनिटं तरी. मी तसं म्हणालेही. त्यांनी बूट काढले. "नको. त्याचं आहे." लगेच तिथंच बोर्ड पुसायला घेतला, पेचांवर पांढऱ्या रंगानं छोट्या खुणा केल्या, म्हणजे एखादा सुटायला लागला तर हमदुल्लाला लांबूनच कळेल.

बोर्ड जुन्या रजईत गुंडाळला. लॅरिसानं वरून चिकटपट्टी मारली आणि मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. जोकिमनी आत बूट, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब, एक पेचकस आणि चार जादा पेच ठेवले होते. तहा पेशावरच्या विमानानं गेला.

मग तीन आठवडे काहीच नाही. बर्फानं वरचा रस्ता बंद झाला होता, तहा खालच्या गावात अडकला होता, एवढं कळलं. जोकिम रोज गाडीत बसल्यावर आधी मोबाइल बघायचे, मग सीटबेल्ट लावायचे. एकदा म्हणाले, "मी चूक केली का? बर्फातला रस्ता, तहाला ओझं." मी म्हणाले, तहानं स्वतःहून घेतलंय. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हिडिओ आला. आम्ही पार्किंगमध्येच थांबून पाहिला. चित्र हलत होतं. पांढरं शेत, मागं काळी झाडं, एका घरातून सरळ वर जाणारा धूर. वरून एक माणूस आला, उजवीकडे कलला, डावीकडे कलला, पुन्हा उजवीकडे, आणि थांबून बर्फात बसला. पोरं ओरडत त्याच्याकडे पळाली. हमदुल्ला गुडघा धरून हसत होता. दाढी पांढरी झाली होती. एकूण चाळीस सेकंदं.

जोकिमनी तो किती वेळा पाहिला मी मोजलं नाही. पहिल्या खेपेला त्यांचे डोळे भरले, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत बसले. नंतरच्या खेपांना ते वाकून, बोटांनी चित्र मोठं करून, मागच्या पायाकडे बघत होते.

"डावीकडे वळताना मागचा पाय त्याला ढकलतोय," ते म्हणाले. "पुढच्याला जेवढं कमी केलं, तेवढं मागचं झालं नाही. मागचा अजून दोन अंश कमी पाहिजे."

तेवढ्यात फोनच वाजला. हमदुल्ला टेकाडावर होता. जोकिमनी स्पीकर लावला आणि गाडी सुरू न करता तसेच बसून राहिले. आईची चौकशी झाली, तहाची झाली. गुडघा दुखला का, विचारलं. थोडासा, तो म्हणाला. मग जोकिमनी दोन अंशांचं सांगितलं.

"मुझसे नहीं होगा," हमदुल्ला म्हणाला. "तुम आके कर दो."

पलीकडे वारा होता. 

"पेचकस है साथ में?" जोकिमनी विचारलं. "रजई में रखा था."

"है. और बोर्ड भी है, साथ लाया हूँ. मुझे मालूम था तुम कुछ निकालोगे."

"तो बैठ जा. पिछला पाँव. बीच में तबकडी है, उसमें चार पेच. पूरा मत खोल, आधा आधा फेरा, आमने-सामने."

वाऱ्यातून लोखंडावर लोखंड लागल्याचा आवाज येत होता. जोकिम डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनमधून "और", "बस", "अब दूसरा" म्हणत होते. तिसऱ्या पेचाला नेटवर्क गेलं. आम्ही थांबलो. त्यानं पुन्हा फोन लावला, चौथाही सैल झाला, मग बाइंडिंग दोन अंश फिरवून चारही पेच पुन्हा आवळले. सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली. त्या दिवशी आम्हा दोघांनाही कामाला उशीर झाला.